पिकअपचा क्लच फॅन काढून इलेक्ट्रिक फॅन बसवायचाय? मग आधी वायर आणि श्राउडचं बघा

आपल्या सांगली-सातारा पट्ट्यात पिकअप म्हणजे घरातला कमावता माणूस. तासगावची द्राक्षं रात्रीत वाशीला पोचवायची, कोरेगावचं आलं, आटपाडीचं डाळिंब, सांगलीच्या यार्डातली हळद, सगळं हिच्याच पाठीवर. आणि उन्हाळ्यात गाडी तापायला लागली की कट्ट्यावर पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे क्लच फॅन काढून टाक आणि इलेक्ट्रिक फॅन मार. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. फॅन बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम, खरं काम वायरिंगचं आणि श्राउडचं, म्हणजे रेडिएटरची जाळी मागून झाकणाऱ्या डब्याचं. लोक चांगला फॅन आणतात, हॉर्नच्या वायरनं जोडतात, जाळीला प्लास्टिकच्या टायनं बांधतात आणि मग म्हणतात इलेक्ट्रिक फॅन काय कामाचा नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. ज्या पिकअपचं इंजिन उभं बसलेलं आहे, म्हणजे फॅन वॉटर पंपाच्या पुलीसमोर आहे आणि गाडी १२ व्होल्टची आहे, तिच्यासाठी हे आहे.

आधी क्लच फॅन काम कसा करतो ते समजून घ्या, नाहीतर काढताना काय गमावतोय ते कळायचं नाही. फॅनच्या मधोमध जो गोल डबा दिसतो तो व्हिस्कस क्लच. त्याच्या तोंडावर घड्याळातल्या स्प्रिंगसारखी एक गुंडाळी असते, दोन धातूंची. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती गुंडाळी वळते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, सिलिकॉन ऑइल पुढं सरकतं आणि फॅन पुलीबरोबर जोरात फिरायला लागतो. हवा गार असली की फॅन नुसता रेंगाळत फिरतो. घाटात मधेच इंजिनाचा आवाज बदलून जी घरघर सुरू होते ती हीच. साधी यंत्रणा आहे, ना वायर ना फ्यूज, आणि लागला की भरपूर हवा ओढतो. तोटा एवढाच की फॅनचा वेग इंजिनाच्या वेगाला बांधलेला. गाडी ट्रॅफिकमध्ये किंवा ऊसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रांगत असताना आरपीएम कमी, म्हणून फॅनपण हळू, आणि नेमकी तेव्हा समोरून हवा येत नाही. शिवाय लागलेला असताना तो इंजिनाची बरीच ताकद खातो, आणि थंडीत महाबळेश्वर-पाचगणीला गाडी गरम व्हायला वेळ लागतो.

इलेक्ट्रिक फॅनचं उलटं. इंजिन आयडलला असलं तरी तो पूर्ण वेगानं फिरतो, नको तेव्हा पूर्ण बंद राहतो. पण त्याची ताकद ठरलेली असते, आणि ती ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा डायनामो, देईल तेवढीच. फुकट काही नाही. दोन फॅन मिळून ३० अँपिअर खात असतील तर १४ व्होल्टला ते ४२० वॅट झाले, ऑल्टरनेटरमधलं नुकसान धरलं तर इंजिनावर साधारण एका हॉर्सपॉवरचा बोजा. फायदा होतो तो यासाठी की हायवेला बहुतेक वेळ फॅन लागतच नाही. ५०-६० च्या पुढं समोरून येणारी हवाच पुरते.

आता माझं स्पष्ट मत. शहरात, गावोगाव डिलिव्हरी, डेअरीचं दूध, कुरिअर, एसी असलेली गाडी, असं काम असेल तर जरूर करा. पण चिपळूणहून जांभा चिरा भरून कुंभार्ली घाट चढणारी गाडी असेल, म्हणजे फुल लोड, दुसरा गिअर, हळू वेग, भर दुपार, तर कंपनीचा क्लच फॅन चांगल्या हालतीत ठेवणं हेच शहाणपण. तिथं त्याच्या बरोबरीचा इलेक्ट्रिक सेट बसवायचा म्हणजे मोठ्या मोटरचे दोन फॅन आणि त्यांना पुरेल असा ऑल्टरनेटर, खर्च पार वाढतो. आणि गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका. क्लचलाच वायर गेलेली दिसत असेल तरीही थांबा. तो फॅन ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, चालवतो, वायर काढली की डॅशवर लाइट लागणार आणि काही गाड्या ताकदपण कमी करतात.

गाडी का तापते ते आधी शोधा

नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं व्हायचं. थंड गाडीचा फॅन इंजिन बंद ठेवून हातानं फिरवा, हलका पण थोडा चिकट लागला पाहिजे. गाडी चांगली गरम करून बंद केली आणि परत फिरवला तर जड लागला पाहिजे. गरम असतानापण भिंगरीसारखा गरगर फिरला, किंवा डब्यावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, किंवा पाती मागं-पुढं हलली, तर क्लच गेला. नवीन क्लच टाकून काम होत असेल तर तेवढंच करा. चालू इंजिनात फॅन अडवून बघायचा प्रकार कुणी सांगितला तर अजिबात ऐकू नका, हात जातो.

मग रेडिएटर. आपल्याकडं जाळी दोन गोष्टींनी भरते, बाहेरून पाचटाचा भुसा नि धूळ, आतून क्षार. एसीच्या गाडीत पुढं कंडेन्सर, काही गाड्यांत इंटरकूलर, मागं रेडिएटर, आणि कचरा अडकतो तो या थरांच्या मधे, बोनेट उघडून दिसत नाही. मागून पुढं असं पाणी मारायचं, प्रेशर कमी ठेवून, नाहीतर पंखड्या वाकतात. आतल्या क्षाराचं कारण म्हणजे बोअरचं पाणी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ पट्ट्यातलं बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की नळ्या आतून बुजतात, मग कितीही मोठा फॅन लावा, काय उपयोग नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं, एवढंच जायला पाहिजे.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, तो बघा, रेडिएटरची कॅप बघा. कॅपचा रबर गेला की प्रेशर धरत नाही आणि प्रेशर नसलं की कूलंट लवकर उकळतं. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो, गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय सोडा. थर्मोस्टॅट नसला तर डिझेल इंजिन गार राहतं, डिझेल जास्त खातं, काजळी धरतं, आणि पुढं जे सेन्सरचं सेटिंग सांगणार आहे ते सगळं बिघडतं. हे सगळं ठीक असेल आणि तरीही रांगत्या ट्रॅफिकमध्ये नि एसीवर काटा वर जात असेल, तर इलेक्ट्रिक फॅनचा विषय.

मापं आणि हिशोब

टेप घ्या आणि रेडिएटरच्या जाळीची लांबी-रुंदी मोजा, टाक्या सोडून नुसती जाळी. मग जाळीपासून वॉटर पंपाच्या पुलीच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा, क्लच काढल्यावर किती राहील ते. फॅनची मोटर मागं फुगलेली असते, जाडी अडीच ते चार इंच धरून चाला, आणि मोटर ते पुली किमान पाऊण इंच जागा सुटलीच पाहिजे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, खड्ड्यात आणि क्लच सोडताना पुढं-मागं हलतं. उभ्या गाडीत अर्धा इंच दिसतोय म्हणून समाधान मानलं तर रस्त्यावर मोटर पुलीला घासणार.

फॅन शक्यतो मागून ओढणारा घ्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसणारा. पुढून ढकलणारा फॅन जाळीसमोर अडथळा होतो आणि त्याला श्राउड नीट करता येत नाही. जाळी रुंद असेल तर १२ इंची दोन, चौकोनी असेल तर १६ इंची एक, हे साधारण गणित. दोनाचा फायदा असा की एक बंद पडला तरी दुसऱ्यावर हळूहळू घर गाठता येतं, म्हणून मालवाहू गाडीला मी दोनच सांगेन. जुन्या बाजारात मोठ्या कारचे श्राउडसकट डबल फॅन मिळतात, ते स्वस्त नवीन फॅनपेक्षा बऱ्याचदा चांगले निघतात, फक्त घेताना बॅटरीला लावून चालवून बघा, मोटरच्या शाफ्टला खेळ आहे का बघा आणि करंट मोजा. करंट मोजायला डीसी चालणारा क्लॅम्प मीटर लागतो. घरगुती वायरिंगवाल्याकडचा साधा क्लॅम्प मीटर नुसता एसी मोजतो, तो इथं शून्य दाखवणार. बारा-चौदा इंची फॅन चालताना साधारण १० ते १५ अँपिअर घेतो, मोठा १६ इंची २० ते २५ पर्यंत जातो, आणि चालू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट.

आता ऑल्टरनेटरवरचा आकडा वाचा, पट्टीवर नाहीतर बॉडीवर कोरलेला असतो. वहीत बेरीज मांडा: दोन फॅनचे ३०, हेडलाइटचे १०, एसी ब्लोअरचे १०-१२, इंजिनाचं स्वतःचं ८-१०, बॅटरी चार्जिंगचे ५. झाले ६५ च्या आसपास. ऑल्टरनेटर ७५ चा असला तर कागदावर जमतंय, पण आयडलला तो त्याच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो. म्हणजे रात्री, लाइट-एसी चालू, टोलनाक्याच्या रांगेत उभं राहिलात की कमी पडलेला करंट बॅटरीतनं जाणार. थोडा वेळ चालतं, रोज चाललं की बॅटरी लवकर मरते. बेरीज ऑल्टरनेटरच्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर जात असेल तर आधी मोठा ऑल्टरनेटर बघा नाहीतर एकच फॅन लावा. वर एलईडी बार, साउंड सिस्टीम असलं काही लावलेलं असेल तर तेपण बेरजेत धरा.

जुना फॅन काढणं

गाडी पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं तरी दर उन्हाळ्यात कुणाचं तरी तोंड भाजतंच, म्हणून परत लिहितोय. कूलंट खाली स्वच्छ बादलीत काढा. जुनं श्राउड सैल करून मागं सरकवा, बऱ्याच गाड्यांत फॅन आणि श्राउड एकदमच वर काढावं लागतं.

क्लच दोन प्रकारे बसवलेला असतो. एकतर पुलीवर चार बोल्ट, नाहीतर पंपाच्या शाफ्टवर एकच मोठा नट. मोठा नट असेल तर आटे उजवे की डावे हे आधी वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा, कारण बऱ्याच इंजिनांत ते डावे असतात, आणि उलट्या बाजूला पाइप घालून जोर लावला की पंपाचा शाफ्ट नाहीतर बेअरिंग संपतं. पुली धरायला बेल्ट ताणलेलाच ठेवा, आधी सैल करू नका.

चार बोल्टवाल्यात एक बारकी गोष्ट आहे आणि तीच बहुतेकांकडून सुटते. तेच बोल्ट पुलीलापण धरून ठेवतात. फॅन काढला की मधली जाडी गेली, आणि जुनेच बोल्ट परत मारले तर ते लांब पडतात, तळाला टेकतात, वरनं टाइट लागतात पण पुली सैलच राहते. थोड्या दिवसांत पुली हलते, बेल्ट उडतो, त्याच बेल्टवर वॉटर पंप, त्यामुळं इंजिन भाजतं. म्हणून फॅनच्या फ्लँजची जाडी मोजा, तेवढे कमी लांबीचे बोल्ट घ्या, त्याच आट्याचे, ८.८ ग्रेडचे, नाहीतर तेवढ्या जाडीची रिंग लेथवर करून घ्या. वॉटर पंपाला हात लावायचा नाही, पंप आणि बेल्ट जसेच्या तसे राहतात. बेल्टचा ताण परत तपासा.

काढलेला क्लच आडवा टाकू नका, गाडीत जसा असतो तसा उभा ठेवा, नाहीतर आतलं ऑइल पाझरतं. जुने बोल्ट आणि श्राउड एका पिशवीत घालून त्याच्याशेजारीच.

श्राउड

याच्यावर मी जास्त लिहिणार कारण निम्म्या गाड्या इथंच फसतात. फॅन थेट जाळीला चिकटवला की तो फक्त त्याच्या समोरच्या गोलातनंच हवा ओढतो. चौकोनी जाळीचे कोपरे तसेच कोरडे राहतात. म्हणजे एवढा मोठा रेडिएटर असून तुम्ही त्यातला अर्धाच वापरताय. श्राउड म्हणजे जाळी मागून झाकणारा डबा, जाळीचा तीन चतुर्थांशहून जास्त भाग त्याखाली आला पाहिजे, आणि जाळी ते फॅनची पाती एक-दीड इंच अंतर पाहिजे, म्हणजे कोपऱ्यातली हवापण वळून फॅनकडं येते.

अ‍ॅल्युमिनियमचा दीड-दोन एमएम पत्रा घ्या. कुपवाड एमआयडीसीत किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत पत्रा बेंडिंगची वर्कशॉप आहेत, पुठ्ठ्याचा नमुना कापून नेला की तसाच डबा वळवून देतात. पुठ्ठा आधी गाडीत बसवून बघा, होज पाइप, टाकीची तोंडं, बोनेटची पट्टी, सगळ्याला जागा सुटतीय का ते. फॅनचं भोक पात्यांच्या टोकापेक्षा थोडंसंच मोठं, फार सैल ठेवलं तर हवा तिथल्या तिथंच गोल फिरत राहते. डब्याची कड जाळीला जिथं टेकते तिथं रबराची पट्टी लावा, फटी राहिल्या की फॅन इंजिनाकडचीच गरम हवा ओढतो.

आता हायवेचा विचार. फॅन बंद असताना समोरून जोरात येणारी हवा या डब्यात अडते. त्यासाठी पत्र्याच्या मोकळ्या भागात दोन-चार चौकोनी खिडक्या कापायच्या आणि त्यावर इंजिनाच्या बाजूनं रबराच्या झडपा, फक्त वरची कड रिवेट केलेली. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर यासाठी झकास. वेगात हवेनं झडप उघडते, फॅन लागला की ओढून बंद होते.

डबा बसवायचा तो जुन्या श्राउडच्या बोल्टांवर, रबर बुश घालून. जाळीतनं आरपार जाणारे प्लास्टिकचे टाय, जे फॅनच्या पुड्यातच येतात, ते वापरू नका. मालगाडीला धक्के बसतात, टाय हलत राहतो आणि अ‍ॅल्युमिनियमची नळी हळूहळू कापत जातो. असा गळालेला रेडिएटर रिपेअरलापण नीट होत नाही.

बसवल्यावर मोटरच्या दोन वायरी बॅटरीला लावून दिशा बघा. जाळीच्या पुढं, ग्रिलच्या बाजूनं, कागदाचा तुकडा धरा, तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. उलट ढकलला जात असेल तर वायरी बदला. पाती उलट्या दिशेनं फिरली तरी थोडीफार हवा देतात, त्यामुळं नुसता आवाज ऐकून कळत नाही, कागद लावूनच बघा.

सेन्सर

स्वस्तातल्या किटमध्ये जाळीत खोचायची एक काडी येते. ती मालगाडीला लावू नका, धक्क्यानं निघते आणि तापमान धड दाखवत नाही. कूलंटमध्ये बुडणारा थर्मो स्विच घ्या. वरच्या होजमध्ये, म्हणजे इंजिनाकडनं रेडिएटरकडं जाणाऱ्या गरम पाइपमध्ये, अ‍ॅल्युमिनियमचा होज अडॅप्टर बसतो, त्याच्या आट्यात स्विच फिरवायचा. पाइप कापताना अडॅप्टरचा व्यास पक्का जुळवा, दोन्हीकडं चांगल्या प्रतीच्या क्लिपा. स्विच दोन वायरचाच घ्या. एक वायरचा स्विच बॉडीतनं अर्थ घेतो आणि इथं तो रबराच्या दोन पाइपांच्या मधे लटकतोय, त्याला अर्थ मिळणार कुठनं. फॅन लागत नाही म्हणून लोक फॅनच बदलतात, खरं तर अडॅप्टरला एक अर्थची वायर जोडली की काम झालं असतं.

स्विचवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ९५–९०, म्हणजे ९५ डिग्रीला चालू, ९० ला बंद. निवडताना तुमच्या थर्मोस्टॅटचा आकडा बघा, तो बहुतेक ८२ ते ८८ मधे असतो. बंद व्हायचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या आकड्यापेक्षा वरच पाहिजे. गाडी गार राहावी म्हणून ८० चा स्विच लावला तर फॅन कधी बंदच होणार नाही, कारण थर्मोस्टॅट पाण्याला त्याच्या खाली जाऊच देत नाही. दोन फॅनसाठी दोन स्विच वापरा, पहिला ९२ च्या आसपास, दुसरा त्याच्यावर चार-पाच डिग्रीनं. म्हणजे दोन्ही एकदम सुरू होऊन ऑल्टरनेटरला झटका बसत नाही, आणि बऱ्याचदा एकावरच भागतं.

वायरिंग

प्रत्येक फॅनला वेगळा ४० अँपिअरचा रिले, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, आणि वेगळा फ्यूज. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरनं जाड वायर, दोन फॅनला मिळून १० एमएमची (वायरीचे एमएम म्हणजे स्क्वेअर एमएम), आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो लांब फॅनपाशी लावला तर मधली सगळी वायर उघडी पडली, कुठं घासून शॉर्ट झाली तर थेट जाळ. फ्यूजपासून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ नंबरच्या पिनपासून फॅनला, ही वायर १५ अँपिअरच्या फॅनला ४ एमएम, २५ च्या फॅनला ६ एमएम. फ्यूज अनुक्रमे ३० आणि ४० चा. फॅनची निगेटिव्ह तेवढ्याच जाडीची, बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा इंजिनाच्या ब्लॉकला, रंग खरवडून, थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून. पत्र्याला स्क्रू मारून अर्थ घेतलेला पावसाळ्यात गंजतो.

रिलेच्या कॉइलला ८६ वर चावी फिरवल्यावर येणारी पॉझिटिव्ह द्या, छोट्या फ्यूजमधनं, आणि ८५ थर्मो स्विचकडं, स्विचची दुसरी वायर अर्थला. म्हणजे स्विच तापला की अर्थ मिळतो, रिले लागतो, आणि चावी काढली की सगळं बंद, उभ्या गाडीत बॅटरी उतरायची भीती नाही. एसी असेल तर अजून एक छोटा रिले: त्याची कॉइल एसी कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरवर, आणि त्याचा कॉन्टॅक्ट पहिल्या फॅनच्या ८५ ला अर्थ देणारा. असं केलं की एसी लागला की एक फॅन लागतो आणि दोन सर्किट एकमेकांत करंट सोडत नाहीत. हे विसरलात तर एसी उभ्या गाडीत गार करणार नाही आणि गॅसचं प्रेशर वाढेल.

केबिनमध्ये एक स्विच द्या, थर्मो स्विचला डावलून फॅन चालू करणारा. घाट लागायच्या आधीच ड्रायव्हरला फॅन लावता येतो, आणि थर्मो स्विच मेला तरी गाडी अडकत नाही. पण फॅन बंद करायचा स्विच ठेवू नका. कुणीतरी पाण्यातनं जाताना बंद करतो आणि परत लावायचा विसरतो, आणि गाडीवर ड्रायव्हर बदलत असतील तर विचारूच नका. फॅनपर्यंत पाणी येत असेल तर त्या रस्त्यानं गाडी घालायचीच नाही, कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. स्विचशेजारी ८७ वरनं एक बारका दिवा घ्या, फ्यूज लावून, म्हणजे फॅनला करंट जातोय का ते सीटवरनं दिसतं.

रिले पाण्यापासून लांब, वर, तोंड खाली करून. वायरी काळ्या नालीदार पाइपमध्ये, केबिनमध्ये शिरताना रबराचा ग्रॉमेट, एक्झॉस्टपासून हातभर लांब. वळून टेप गुंडाळलेला जोड एकही नको, थिंबल दाबून, वर हीटश्रिंक.

तपासणी

कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा निघेपर्यंत झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, बुडबुडे थांबले आणि पातळी स्थिर झाली की झाकण लावा. आता आयडलला वाट बघा. पहिला फॅन लागला की मल्टीमीटर घेऊन आधी बॅटरीवर व्होल्टेज बघा, मग फॅनच्या कनेक्टरवर. बॅटरीवर १४ असेल तर फॅनवर साडेतेराच्या खाली नको. जास्त पडत असेल तर वायर बारीक आहे नाहीतर जोड खराब आहे. माझ्या बघण्यातल्या एका गाडीवर फॅनला पुरते बारा व्होल्टपण पोचत नव्हते, अडीच एमएमची वायर आणि पत्र्याचा अर्थ, मालक फॅनला नावं ठेवत होता. वायर बदलल्यावर तोच फॅन दुसराच वाटायला लागला. नंतर दहा मिनिटं चालल्यावर प्रत्येक जोड, फ्यूज होल्डर, रिलेचं सॉकेट बोटानं चाचपा, कोमट ठीक, चटका बसला तर तो जोड परत करा.

डॅशवरच्या काट्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो मधल्या मोठ्या टप्प्यात हलतच नाही. ओबीडी पोर्ट, म्हणजे इंजिनाची माहिती वाचायचं सॉकेट, असेल तर छोटा स्कॅनर लावून कूलंटचं तापमान बघा. जुन्या गाडीला इन्फ्रारेड थर्मामीटर, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो चुकीचं कमी दाखवतो, अडॅप्टरवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

पहिल्यांदा गावातल्या गावात, एसी लावून. मग रिकामी गाडी हायवेला, तिथं फॅन बंद राहिले पाहिजेत, सारखे चालू राहिले तर श्राउडच्या झडपा उघडत नाहीत किंवा सेटिंग खाली आहे. मग निम्मा लोड आणि एखादा चढ, साताऱ्याकडच्यांना यवतेश्वर आहे, वाईकरांना पसरणी, दुपारची वेळ निवडा. दोन्ही फॅन चालू असून तापमान १०५ च्या वर चढतच राहिलं तर थांबा, हा सेट या लोडला पुरत नाही, जुना फॅन परत चढवा. ठेवलाय ना जपून.

गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात देताना एवढं समजावून द्या: दिवा लागत नाही आणि काटा चढतोय तर आधी केबिनचा स्विच दाबायचा, एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर जोरात, गाडी बाजूला घेऊन इंजिन थोड्या रेसवर चालू ठेवायचं. कूलंट बाहेर आलेलं दिसलं किंवा वाफ निघाली तर मात्र लगेच इंजिन बंद. आणि डॅशच्या कप्प्यात ३० चे दोन फ्यूज, एक रिले आणि छोटा पक्कड कायम ठेवायचा. मोठा फॅन असेल तर फ्यूज ४० चे. ३० च्या जागी ४० चा फ्यूज मारून वेळ मारून न्यायची नाही, परत उडत असेल तर मोटर जाम झालीय नाहीतर वायर कुठंतरी घासलीय, ती शोधायची.